हॅकेथॉनला पहिला नंबर आला, आता पोरं कंपनी काढायची म्हणतात. विदर्भातल्या विद्यापीठांच्या स्टार्टअप योजनांचा अनुभव असलेल्यांनी बोलावे

प्रोजेक्ट_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अभियांत्रिकी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. शिक्षण मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलने गावोगावच्या कॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिल स्थापायला लावली, आमच्याकडची ती माझ्या गळ्यात आहे. एरवी तिचं काम म्हणजे व्याख्यान ठेवा, बॅनरसमोर फोटो काढा, पोर्टलवर चढवा. यंदा मात्र खरंच काहीतरी हाती लागलंय, म्हणून हा धागा.

शेवटच्या वर्षाची चौघांची टीम आहे, दोन मुली, दोन मुलं. त्यांनी आधी कॅमेरा बनवला होता. वावरात रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आलं की ओळखायचं, भोंगा वाजवायचा, दिवा लावायचा. एआय वगैरे सगळं होतं. हॅकेथॉनला पहिला नंबर, मोठ्या पुठ्ठ्याचा चेक, पेपरात फोटो. दिवाळीच्या सुट्टीत तोच कॅमेरा टीममधल्या एकीच्या मामांच्या वावरात लावला. जनावरं सुरुवातीला भ्याली, मग सरावली. मामा म्हणाले, "आता भोंगा वाजला की डुकराईले समजते, जेवन तयार हाय."

पण त्या मुक्कामात पोरांच्या दुसरंच काही लक्षात आलं. शिवारात जवळपास प्रत्येकाकडे झटका मशीन आहे, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारं यंत्र. पावसाळ्यात धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत वाढतं, ओलं गवत तारेला टेकतं आणि करंट तिथेच जमिनीत उतरतो. मशीन मात्र वावरातल्या खोपडीत टकटक करतच राहते, त्यामुळे कास्तकाराला वाटतं सगळं ठीक आहे. तार जिवंत आहे का हे बघायला मामा काय करतात? हिरव्या गवताची लांब काडी तोडतात, तिचं टोक तारेला लावतात आणि काडी हळूहळू पुढे सरकवतात. हाताला मुंग्या आल्या म्हणजे करंट आहे. रात्री, टॉर्च तोंडात धरून.

तर आता पोरांचा डबा वेगळा आहे. तो कुंपणाच्या शेवटच्या टोकाला बसतो आणि झटक्याचा दाब घसरला की आतल्या सिमवरून मालकाला मिस कॉल देतो. कॅमेरा नाही, एआय नाही. परीक्षकांना दाखवायला यात काही नाही, पण मामांच्या शेजारच्यांनी "आमच्याकडे कधी लावता" असं आपणहून विचारलं. कॅमेऱ्याच्या वेळी हे कोणीच विचारलं नव्हतं.

प्रश्न असे. कंपनी आत्ताच नोंदवावी का? कुठल्या केंद्राकडे जावं? पेटंटचं काय करायचं? आणि खरी अडचण म्हणजे मे महिन्यात उन्हाळी परीक्षा, तिघांना पुण्यात नोकऱ्या लागल्यात, जुलैत जॉइनिंग. झेरॉक्स करून वाटलेल्या सरकारी माहितीपेक्षा स्वतः यातून गेलेल्यांचं ऐकायचंय.

---

सहज_वाचक

वाचनखूण साठवली. गवताच्या काडीचं पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

दारव्ह्याचा_कास्तकार

मास्तर, पोट्ट्यायले माह्याकडून शाबासकी सांगा. झटका घेतला त्या साली डुक्कर वावरात पाय टाकत नोतं. दुसऱ्या साली मशीन तेच, तार तेच, अन् हरबरा एका रात्रीत साफ. सकाळी पाह्यलं त आघाड्याचं झाड तारेले टेकून उभं होतं. टकटक चालूच.

पन एक सांगा. डब्ब्यात सिम टाकता म्हनता, त त्याचा रिचार्ज कोन मारन? घरात चार मोबाईल हायेत, त्यायचंच पुरत नाई. वरून तारेचं बी रिचार्ज मारू का मी?

---

रानवाटा

मास्तर, अभिनंदन. कृषी विद्यापीठाच्या बाजूने सांगतो, माझं शिक्षण अकोल्याचं.

शेतीशी संबंधित कल्पनेसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेतला रफ्तार कार्यक्रम बघा. २०१८-१९ पासून आहे. प्री-सीड (नुसत्या कल्पनेच्या) टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि सीड (धंदा उभा करायच्या) टप्प्यावर २५ लाखांपर्यंत अनुदान, काही वाटा स्वतःचा घालावा लागतो. त्याआधी दोन महिन्यांचं प्रशिक्षण असतं, त्यात महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन. देशभरातल्या ठरावीक कृषी संस्थांमार्फत हे चालतं, तेव्हा जवळचं केंद्र कोणतं आणि अर्ज कधी निघतात ते आधी विचारून घ्या. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, वर्ध्याला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. दोन्हीकडे एक चक्कर मारायला हरकत नाही, यंत्रं बघून पोरांचे डोळे उघडतात.

पण मला मूळ मुद्दाच वेगळा मांडायचाय. प्रत्येक यंत्राची कंपनीच झाली पाहिजे का? पीकेव्ही मिनी डाळ मिल घ्या. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केली, ती बनवली-विकली कारखानदारांनी, आणि आज विदर्भात कितीतरी बचत गट तिच्यावर तुरीची डाळ करून विकतात. तंत्रज्ञान विद्यापीठाचं, कारखाना दुसऱ्याचा, धंदा तिसऱ्याचा. तुमच्या पोरांना पुण्यात नोकरी करायची असेल तर डिझाइन परवान्याने एखाद्या झटका मशीनवाल्याला देऊन टाका, रॉयल्टी घ्या. डबा वावरात पोचल्याशी मतलब.

---

पुणेरी_वऱ्हाडी

रानवाटा, परवाना घेणार कोण? झटका मशीनवाले एकमेकांचं सर्किट उघडून बघतात आणि पुढच्या आठवड्यात आपल्या नावाने विकतात. डाळ मिलच्या मागे अख्खं विद्यापीठ होतं. चार पोरांच्या मागे कोण आहे?

मास्तर, मी मूळ कारंजा लाडचा, सध्या हिंजवडीत. कॉलेजात असताना आमचीही टीम होती. विषय कपाशीचा ओलावा. सरकारसाठी कापूस खरेदी करणारी सीसीआय ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भावात कपात करते आणि १२ च्या वर घेतच नाही, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. कास्तकाराला ते कळतं ग्रेडरसमोर (कापूस तपासणाऱ्यासमोर) गाडी उभी केल्यावर. घरीच कळलं तर तो दोन दिवस ऊन दाखवून मग आणेल. म्हणून गंजीत खुपसायची सळई बनवली होती. कल्पना वाईट नव्हती, आजही म्हणतो.

एका इन्क्युबेशन सेंटरने, म्हणजे नव्या उद्योगांना पैसा-मार्गदर्शन देणाऱ्या केंद्राने, निवड केली. नाव घेत नाही, माणसं भली होती. पहिला हप्ता वेळेवर आला. दुसऱ्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र (पहिले पैसे कशावर खर्चले याचा दाखला), त्यासाठी तीन कोटेशनं, त्यासाठी जीएसटीवाला दुकानदार. आमचे सेन्सर नागपूरच्या सीताबर्डीतून रोखीत आणलेले, ते चालेनात. कागद पूर्ण होऊन पैसे आले तेव्हा मार्च उजाडला होता. मार्चमध्ये कापूस कुठे असतो? फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर ठेवलेली कपाशी) असली तर असली. म्हणजे चाचणी पुढच्या नोव्हेंबरात. आणि पुढच्या नोव्हेंबरात आम्ही पाच जण तीन शहरांत.

सॉफ्टवेअरवाल्या टीमला हे कळतच नाही. त्यांचं आज बिघडलं तर उद्या दुरुस्त. आपलं जूनमध्ये पेरणी, जुलैत डवरणी, ऑगस्टात गवत तारेला टेकणार, जानेवारीत तूर, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघाला की वावर रिकामं. वर्षातून एक संधी. आणि विद्यापीठाचं वर्ष नेमकं त्याच्या आडवं जातं. हिवाळी परीक्षा कापूस वेचणीत, प्रोजेक्टचं सबमिशन रिकाम्या वावरात, आणि गवत वाढायच्या वेळेला पोरं पास होऊन गावाबाहेर. योजना वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना हंगाम माहीत नाही एवढंच म्हणतो.

---

बोस्टनकर

(मूळ गाव अचलपूर. नाव फक्त आयडीपुरतं.)

पुणेरी_वऱ्हाडी यांचा प्रतिसाद सगळ्या इन्क्युबेशन सेंटरच्या भिंतीवर लावला पाहिजे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत हे कसं चालतं ते थोडं सांगतो. नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ साली आय-कॉर्प्स नावाचा कार्यक्रम सुरू केला. संशोधनातून आलेलं तंत्रज्ञान, तिघांची टीम: एक विद्यार्थी किंवा नुकताच संशोधन केलेला, एक प्राध्यापक आणि एक उद्योगातला अनुभवी माणूस. सुमारे सात आठवडे चालतो, आणि ५०,००० डॉलर मिळतात ते यंत्र बनवायला नव्हे, हिंडायला. किमान १०० संभाव्य ग्राहकांना प्रत्यक्ष भेटायचं, आणि आपलं यंत्र विकायला न जाता त्यांचं रडगाणं ऐकायचं. दर आठवड्याला येऊन सांगायचं की आपला कुठला समज खोटा ठरला. बऱ्याच टीम अखेरीस म्हणतात की हे विकलं जाणार नाही. तेही यशच धरतात, कारण पुढची दोन वर्षं वाचली.

विद्यार्थ्यांच्या टीमला पैसे देण्याची चाल त्याहून जुनी. १९९५ साली त्यासाठी एक संस्था निघाली, आता तिचं नाव व्हेंचरवेल. ती टीमला टप्प्याटप्प्याने अनुदान देते आणि वर्गात उद्योजकता शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही देते. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पोरं चार वर्षांत जातात, मास्तर राहतो.

आणि एक गोष्ट तुमच्या टीमला जरूर सांगा. स्टॅनफर्डला अत्यंत स्वस्त वस्तू बनवण्याचा एक कोर्स आहे. त्यात २००७ च्या सुमाराला एका टीमला काम मिळालं, नेपाळसाठी नवजात बाळांची स्वस्त काचपेटी बनवा. टीममधला एक जण नेपाळला जाऊन बघतो तर इस्पितळात काचपेट्या आहेत, रिकाम्या आहेत. कमी वजनाची बाळं खेड्यात घरी जन्मत होती आणि तिथेच गारठून दगावत होती. मग त्यांनी काचपेटी सोडली आणि विजेशिवाय ऊब धरून ठेवणारी बाळाची पिशवी बनवली. एम्ब्रेस नावाने ती पुढे भारतात आली. तुमच्या पोरांनी कॅमेरा सोडून मिस कॉलचा डबा केला, ते याच जातीचं काम आहे, आणि कुठल्याही कार्यक्रमाशिवाय केलं.

---

सहज_वाचक

अचलपूरचा माणूस बोस्टनला जाऊनही "रडगाणं" विसरला नाही, बरं वाटलं.

---

आकडेताई

अमरावतीत सीए आहे. कंपनीच्या प्रश्नाला थेट उत्तर: आत्ता नोंदवू नका.

कारण साधं आहे. नोंदणीच्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. स्टार्टअप इंडिया सीड फंड २०२१ साली ९४५ कोटी रुपये ठेवून सुरू झाला. त्यात कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, पण अट अशी की अर्जाच्या वेळी कंपनीला दोन वर्षांहून जास्त झालेली नसावीत. पुणेरी_वऱ्हाडींनी सांगितलं तसं तुमचे दोन हंगाम वाया गेले तर दोन वर्षं तिथेच संपली. शिवाय प्रायव्हेट लिमिटेड झाली की धंदा शून्य असला तरी दरवर्षी विवरणपत्रं भरायचीच. चुकलं की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड, वर कमाल मर्यादा नाही. हॅकेथॉन जिंकून हौसेने काढलेल्या आणि मग विसरलेल्या कंपन्या माझ्याकडे बंद करायला येतात. बक्षिसापेक्षा दंड जास्त झालेला असतो. आईबाप बिचारे सोबत येतात, कारण डायरेक्टर म्हणून त्यांचीच नावं घातलेली असतात.

मग पैसे कुठून? केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना बघा. नमुना यंत्र बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात आणि व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो, कंपनी लागत नाही. अर्ज त्यांच्या मान्य केंद्रांमार्फत जातो. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांची स्वतःची इन्क्युबेशन फाउंडेशनं आहेत, आयआयएम नागपूरचं आहे. कोणाकडे सध्या कोणती योजना उघडी आहे हे फोनवर विचारा, वेबसाइटवर जुनीच जाहिरात असते.

नोंदणीची वेळ येईल तेव्हा एवढं लक्षात असू द्या की प्रोप्रायटरशिपला (एकट्याच्या मालकीच्या धंद्याला) स्टार्टअप म्हणून मान्यता मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते.

---

नियमवाला

पेटंटविषयी. पोरांनी डबा कुठल्या प्रदर्शनात उघडून दाखवलाय का, पेपर छापलाय का? असेल तर अडचण आहे, कारण अर्जाआधी जगजाहीर झालेली गोष्ट नवी धरत नाहीत. सवलत आहे पण फार अरुंद. अजून दाखवला नसेल तर आधी तात्पुरता अर्ज टाका, मग स्टेजवर जा. व्यक्ती किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे. २०२१ पासून शिक्षणसंस्थांनाही फीत ८० टक्के सवलत मिळते, त्यामुळे कॉलेजने "पैसे नाहीत" म्हणू नये. शेतीची पद्धत पेटंटला चालत नाही, कायद्याचं कलम ३(एच), पण हे उपकरण आहे, तेव्हा तो अडसर येऊ नये. मात्र कुंपणाचा दाब मोजून इशारा देणारी उपकरणं परदेशात आधीपासून आहेत. तुमचं वेगळेपण नेमकं कशात, हे शोधून मगच खर्च करा.

दुसरं, मालकी कोणाची. शिक्षण मंत्रालयाचं २०१९ चं नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण वाचा. प्रोजेक्ट अभ्यासक्रमाचा भाग असेल किंवा संस्थेची साधनं भरपूर वापरली असतील तर हक्क संस्था आणि विद्यार्थी दोघांचे. जागा, प्रयोगशाळा, मार्गदर्शन याच्या बदल्यात संस्था कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. त्याहून जास्त मागितलं तर धोरणाचा कागद पुढे ठेवा. त्याच धोरणात हजेरीत सूट, एक सत्र किंवा वर्षभर थांबून परत येण्याची मुभा, उद्योगाच्या कामाला श्रेयांक, हेही आहे. कॉलेजं तेवढीच पानं उलटत नाहीत.

---

मीच_बाप

सगळे योजना सांगताहेत, घरचंही कोणी सांगा. माझा मुलगा असाच एका टीममध्ये आहे (मास्तरांच्या नाही). शैक्षणिक कर्ज आहे, सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे, धाकटीचं शिक्षण व्हायचंय. तो म्हणतो बाबा एक वर्ष द्या. मी वर्ष देईन, बँक देईल का?

---

पुणेरी_वऱ्हाडी

काका, खरं सांगू? नोकरी करू द्या. शनिवार-रविवार काम करता येतं. मी या धाग्यावर योजनांच्या बाजूने बोलतोय, पण घरात एक पगार नसताना कोणी उद्योजक व्हावं असं मला वाटत नाही. निधीचीच एक फेलोशिप योजना आहे, निधी-ईआयआर. त्यात महिन्याला ३०,००० रुपयांपर्यंत, साधारण वर्ष-दीड वर्ष मिळतात. ती हाती पडली तर बँकेचा हप्ता निघेल. निवड होईपर्यंत राजीनामा नको.

---

खरं_बोलतो

हे सगळं ढोंग आहे. कॉलेजला नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) दाखवायचे असतात स्टार्टअप, सरकारला आकडे. इथल्या पोरांनी स्पर्धा परीक्षा द्यावी नाहीतर पुणे गाठावं. यवतमाळात बसून कोणी कंपनी काढत नसतं.

---

रानवाटा

खरं_बोलतो, आकड्यांचं तुमचं मान्य. पण यवतमाळात बसून कंपनी निघत नाही म्हणाल तर फवारणीचे पंप दुरुस्त करणारा, थ्रेशरला दाते बसवून देणारा, तुरीचे शेंडे खुडायला फवारणी पंपाच्या बॅटरीवर चक्री फिरवणारं यंत्र बनवून हंगामात विकणारा, हे सगळे काय करतात? त्यांना कोणी स्टार्टअप म्हणत नाही इतकंच. टीमने अशा एखाद्या मिस्त्रीला सोबत घ्यावं. आय-कॉर्प्सवाले ज्याला उद्योगातला अनुभवी माणूस म्हणतात, तो आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानात बसलेला असतो.

---

वेल्डिंग_दिग्रस

बोलावलंत म्हणून आलो.

डब्याविषयी. बाहेरचा डबा बंद पाहिजे, धूळ-पाणी आत न घेणारा, आयपी ६५ म्हणतात तो. पाणी नंतर, आधी मुंग्या जातात. लहान लाल मुंग्या सर्किटवर अंडी घालतात आणि रिले चिकटतो. केबल आत घ्यायची ती खालून, वरून नाही. पहिल्या पावसात विजा पडतात, तार लांब असते, ती वीज ओढते. डब्याच्या तोंडाशी वीजरोधक नसला तर जूनमध्येच सगळे डबे परत येतील आणि गावात नाव खराब होईल. एकदा झालं की झालं.

विक्रीचं. कृषी केंद्रवाला उधारीवर देतो, पैसे कापूस-सोयाबीन विकल्यावर येतात. तो तुम्हालाही तेव्हाच देणार. म्हणजे ऑगस्टला दिलेल्या डब्याचे पैसे डिसेंबर-जानेवारीत. तेवढे महिने माल अंगावर घ्यायची ताकद आहे का ते बघा. योजनेचे पैसे नमुना बनवायला मिळतात, उधारी झेलायला कोणी देत नाही. आमच्यासारख्याचं दुकान त्यातच बसतं.

---

धुरा_टीम

नमस्कार. सरांनी लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. मी टीममधली एक, सर्किट माझ्याकडे असतं. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत.

रिचार्जवाल्या काकांना: बरोबर आहे काका. प्रत्येक डब्यात सिम परवडत नाही हे आम्हालाही आता पटलंय. आता लोरा (कमी विजेत लांबवर जाणारी रेडिओ पद्धत) वापरून बघतोय. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे परवाना लागत नाही. मोकळ्या शिवारात बारीक संदेश काही किलोमीटर जातो. प्रत्येक वावरात स्वस्त डबा आणि गावात एका उंच जागी, म्हणजे पाण्याच्या टाकीवर, एकच सिमवाला डबा. रिचार्ज एकच, तो वीस-पंचवीस जणांत वाटायचा. पण टाकी ग्रामपंचायतीची, सरपंचांना अजून भेटायचंय. आणि रेडिओ उपकरण विकायचं म्हणजे दूरसंचार खात्याची मान्यता लागते, ते काम पुढचं.

वेल्डिंग दादांना: मुंग्यांचं कोणीच सांगितलं नव्हतं! पावसाळ्यात साध्या प्लास्टिक डब्यावर भागवणार होतो.

अजून एक ठरवलंय. काही जण मशीन न लावता थेट लाईनचा करंट तारेत सोडतात. त्यात माणसं मरतात, जनावरं मरतात, गुन्हा आहे. झटका मशीनचा करंट क्षणभराचा असतो, साधारण सेकंदाला एक ठोका, त्यासाठी आयईसी ६०३३५-२-७६ हे मानकही आहे. आमच्या डब्याला तारेत सलग करंट दिसला तर तो बंदच पडेल, चालणारच नाही. यावर आमच्यात भांडण झालं. एक जण म्हणाला गिऱ्हाईक कमी होईल. होऊ दे.

नोकरीचं म्हणाल तर माझी आहे पुण्यात. आई म्हणते जा. गेले तर या डब्याचं सर्किट कोण बघणार हे मला माहीत नाही.

---

आकडेताई

पोरी, जा. पण जायच्या आधी सर्किटची आकृती, सामानाची यादी, कुठे काय फसलं, सगळं लिहून दोन जणांना शिकवून जा.

---

बोस्टनकर

आकडेताईंशी शंभर टक्के सहमत, आणि इथे मास्तरांना एक थेट प्रश्न. ही मुलं तर जाणार. याच डब्यावर पुढची बॅच काम करू शकते का? की तुमच्याकडेही प्रत्येक बॅचला नवं टायटल लागतं?

---

प्रोजेक्ट_मास्तर

नेमकं बोट ठेवलंत. लागतं. "मागच्या वर्षीचंच टायटल आहे" म्हणून बाह्य परीक्षक गुण कापतात, त्यामुळे आम्हीच पोरांना नवं टायटल घ्यायला लावतो. दरवर्षी विभागाच्या कपाटात दहा-बारा नमुने जमा होतात आणि पुढच्या वर्षी त्यांतले सेन्सर काढून दुसऱ्याला वापरायला देतो. या धाग्यानंतर कपाट उघडून बघितलं. ठिबकचा व्हॉल्व, दुधातलं पाणी ओळखणारं यंत्र, संत्र्याची प्रतवारी करणारा पट्टा. सगळे अर्धवट आणि सगळे कामाचे.

प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. हे ठरलंय.

कंपनी आत्ता नाही. तात्पुरता पेटंट अर्ज करायचा की नाही, हे परदेशातली उपकरणं शोधून झाल्यावर. तोवर डबा कुठल्याही स्पर्धेत उघडणार नाही, प्राचार्यांना ते पटवायला वेळ लागला, कारण पुढच्या महिन्यात दोन स्पर्धा आहेत आणि कॉलेजला फोटो हवेत. प्रयासचा अर्ज टीममधल्या ज्या एकाला नोकरी लागलेली नाही त्याच्या नावाने. त्याच्या वडिलांशी मी स्वतः बोललो, त्यांचं म्हणणं "मीच बाप" यांच्यासारखंच आहे, पण ते एका हंगामापुरते तयार झाले.

विभागाच्या बैठकीत मांडलं की हाच प्रोजेक्ट तिसऱ्या वर्षाच्या चौघांना आत्तापासून जोडायचा आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावावर टायटलच्या शेवटी "टप्पा २" लिहून चालवायचा. विरोध झाला, मग २०१९ च्या धोरणातलं श्रेयांकाचं पान वाचून दाखवलं (नियमवाला, उपकार). मान्य झालं. परीक्षकांशी मी बघून घेईन. जुनी टीम पुण्यातून रविवारी फोनवर, नवी टीम वावरात.

वेल्डिंग दादा, पाच डबे तुमच्याकडून करून घ्यायचेत, विकायला नाही, पुढच्या ऑगस्टात लावायला. दर कळवा.

एक शंका शिल्लक आहे. वनविभागाला यात ओढता येईल का? पिकाच्या नुकसानीची भरपाई तेच देतात, जंगलालगतच्या गावांत सौर कुंपणाला अनुदानही मिळतं. कुंपण बसवलं की त्याकडे पुन्हा कोणी बघत नाही.

---

रानवाटा

ओढता येईल, पण आत्ता नको, हाती एका हंगामाची नोंद असू द्या. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह असतो, त्यात निवडलेल्यांना सरकारी खात्यांकडून कार्यादेश (कामाच्या ऑर्डर) मिळतात. अनुदानापेक्षा ते चांगलं, सरकार गिऱ्हाईक होतं. मात्र तिथे मान्यताप्राप्त स्टार्टअप लागतो, म्हणजे तेव्हा आकडेताईंकडे जावं लागेल. विभागीय वनाधिकाऱ्यांना आत्ता फक्त भेटून ठेवा. त्यांच्या गावांत बसवलेल्या कुंपणांपैकी किती चालू आहेत हे त्यांनाही जाणून घ्यायचं असेल.

---

वेल्डिंग_दिग्रस

पाच डबे करून देतो. मजुरी नाही, सामानाचे पैसे द्या. पोरांना एक दिवस दुकानावर पाठवा, भोकं कुठे पाडायची ते उभं राहून दाखवावं लागते, फोनवर समजत नाही.

---

दारव्ह्याचा_कास्तकार

मास्तर, पाचातला एक माह्या वावरात लावा. तिकडच्या धुऱ्याले नाला हाय, पान्यात गवत कंबरेएवढं वाढते. तुमचा डब्बा तथी टिकला त कुठंबी टिकन. टाकीवर चढाचं असन त सरपंचाले मी सांगतो, तो माह्या साडूचा पोरगा हाय. पन गोष्ट आताच करून घ्या, पुढं निवडनुकीचं लागलं म्हनजे कोनी आयकत नाई.